कामगारांच्या थडग्यांवरून त्यांचे आयुष्य कितपत कळते?

चाळकरी (लालबाग)

सप्रेम नमस्कार. माझी पुतणी यंदा सातवीत आहे. पिरॅमिड गुलामांनी बांधले आणि त्यांच्या पाठीवर सतत चाबूक ओढला जाई, असे ती कुठूनतरी ऐकून आली. हे मत आता मागे पडले आहे, असे मी वाचले होते, म्हणून तिला तसे सांगितले. त्यावर तिने विचारले, "काका, ती माणसे तर मेली, मग तुम्हाला कोणी सांगितले?" मला उत्तर देता आले नाही.

२०१२ च्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियममधून एक ममी आली होती, ती मी रांगेत उभा राहून पाहिली होती. ती नेस्पेरेन्नुब नावाच्या, कर्णकच्या मंदिरातील पुजाऱ्याची होती आणि तिच्या पट्ट्या न उलगडता स्कॅन करून आत काय आहे ते तेव्हा पडद्यावर दाखवले होते. पुजाऱ्याच्या कवटीच्या आतले पाहायला मिळाले, पण ज्यांनी दगड ओढले त्यांच्यापैकी कोणाचे कधी काही सापडले आहे का, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. कामगारांची थडगी सापडली असतील तर त्यांत काय निघाले आणि त्यावरून ते गुलाम होते की मजूर हे खरोखर ठरवता येते का? माझे वडील गिरणीत कार्डिंग खात्यात होते, त्यामुळे या विषयात मला थोडा घरचा रस आहे, असे म्हटले तरी चालेल.

दप्तरदार (दादर)

चाळकरीसाहेब, आपल्या पुतणीचा प्रश्न आपल्या उत्तरापेक्षा चांगला आहे, हे आधी नमूद करतो.

गिझाच्या स्फिंक्सच्या दक्षिणेला दगडाची एक जुनी प्रचंड भिंत आहे. स्थानिक लोक तिला हैत अल-घुराब, म्हणजे कावळ्याची भिंत, असे म्हणतात. तिच्या पलीकडे अमेरिकी पुरातत्त्वज्ञ मार्क लेनर यांच्या पथकाला पिरॅमिडच्या काळातील एक आख्खी वस्ती सापडली. तिच्यात पाव भाजण्याच्या भट्ट्या, लांबलचक ओसऱ्यांसारखी दालने आणि गुरे, मेंढ्या व शेळ्या यांच्या हाडांचे ढीग होते. याच वस्तीच्या पश्चिमेच्या उतारावर १९९० साली एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि तिथून इजिप्शियन पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांनी जे उत्खनन सुरू केले, त्यात कामगारांची दफनभूमी उघडी पडली. उताराच्या खालच्या भागात सुमारे ६०० लहान कबरी आणि ३० मोठी थडगी निघाली; वरच्या भागातील थडगी अधिक ऐसपैस आहेत आणि ती मुकादम, कारागीर, देखरेख करणारे अशा लोकांची आहेत. काळ चौथ्या आणि पाचव्या राजघराण्याचा, म्हणजे आजपासून सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा.

या खालच्या कबरी मला स्वतःला फार बोलक्या वाटतात. त्या मातीच्या विटांच्या आहेत, काहींवर छोटा घुमट आहे, आणि त्यांच्या बांधकामात ग्रॅनाइट, बेसाल्ट व चुनखडीचे तुकडे ठिकठिकाणी बसवलेले आहेत. राजाच्या बांधकामावरून उरलेला माल कामगाराने आपल्या कबरीला लावला, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईत ज्यांनी बिल्डरच्या साइटवरून उरलेल्या लाद्यांनी आपल्या मोरीची फरशी केलेली पाहिली आहे, त्यांना यावर अधिक भाष्य नको. आतील माणूस गुडघे पोटाशी घेऊन, डोके उत्तरेला आणि तोंड पूर्वेला करून निजवलेला असे. शरीर टिकवण्याचा खर्चिक सोपस्कार इथे नव्हता. शेजारी बिअरचे आणि पावाचे मातीचे भांडे ठेवलेले असे. स्त्रिया आणि मुलेही इथेच पुरलेली आहेत, म्हणजे ही नुसती मजुरांची छावणी नव्हती.

मोठ्या थडग्यांत नावे आणि हुद्दे कोरलेले आहेत. पेटेटी आणि त्याची पत्नी नेसीसोकर यांनी आपल्या थडग्याला हात लावणाऱ्यावर मगर, पाणघोडा अशा प्राण्यांना सोडणारे शाप लिहून ठेवले आहेत. इंतीशेदू हा नेइथ देवीच्या नावेशी संबंधित सुतार होता. त्याने आपल्या थडग्याच्या कोनाड्यात स्वतःचेच चार पुतळे बसवून घेतले. पिरॅमिडच्या आत, कोणाच्या नजरेस पडू नयेत अशा दगडांवर कामाच्या टोळ्यांनी "खुफूचे मित्र" (खुफू हा राजा) यांसारखी आपली नावे रंगवून ठेवली आहेत, आणि मेनकौरे राजाच्या बांधकामावर तर एका टोळीने स्वतःला "मेनकौरेचे मद्यपी" म्हणवून घेतले आहे.

गुलामांच्या समजुतीचे मूळ पुष्कळ जण ग्रीक इतिहासकार हेरोडोटसकडे नेतात, परंतु तो पिरॅमिडनंतर दोन हजार वर्षांनी लिहीत होता. त्याने एक लाख माणसे तीन-तीन महिन्यांच्या पाळीने राबत असल्याचे लिहिले आणि त्यांच्या मुळा, कांदा आणि लसणाचा खर्चसुद्धा सांगितला. आपल्या भाषेत याला एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे वेठ. राजाच्या हुकमाने गावागावातून माणसे आळीपाळीने येत, त्यांना खाणे मिळे, पाळी संपली की ती परत जात. वेठीला धरलेला माणूस विकत घेतलेला नसतो. तसा तो आपखुशीने आलेलाही नसतो.

अस्थिवैद्य (परळ)

मी अस्थिशल्यचिकित्सक आहे, इतिहासकार नाही. हाडांपुरते बोलतो.

गिझाच्या सांगाड्यांत कंबरेच्या मणक्यांची आणि गुडघ्यांची झीज मोठ्या प्रमाणावर आढळली आहे, पुरुषांत आणि स्त्रियांतही. ही झीज ओळखावी कशी, हे पुतणीला सांगायचे असेल तर असे सांगा: मणक्यावर वर्षानुवर्षे भार पडला की त्याच्या कडेला हाडाचे लहान कोंब फुटतात आणि सांध्यातील कूर्चा पूर्ण झिजली की हाडावर हाड घासून तो पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत, चकचकीत होतो. साडेचार हजार वर्षांनंतरही ही चकाकी बोटाला जाणवते. माझ्याकडे मस्जिद बंदरच्या गोदामांतून आणि वाशीच्या बाजारातून माथाडी कामगार येतात. चाळिशीच्या माणसाच्या एक्स-रेमध्ये साठीचे मणके दिसतात, तेव्हा त्याला काम काय करता असे मी विचारत नाही, किती वर्षे करता एवढेच विचारतो.

याहून महत्त्वाची गोष्ट भरून आलेल्या अस्थिभंगांची आहे. कोपराखालच्या दोन हाडांचे आणि पायाच्या नळीचे मोड तिथे वारंवार दिसतात आणि त्यातील बहुतेक सरळ जुळून आलेले आहेत. कोपराखालचे हाड आपोआप सरळ जुळत नाही. स्नायू त्याला ओढून वाकडे करतात, म्हणून कोणीतरी ते ताणून जागेवर बसवून दोन्ही बाजूंनी कामट्या बांधल्या असल्या पाहिजेत. दोन सांगाड्यांत हात किंवा पाय कापल्याची खूण आहे आणि कापलेले टोक गोलसर होऊन भरलेले आहे. म्हणजे तो मनुष्य त्यानंतर बराच काळ जगला. मोडलेला हात जुळायला प्रौढ माणसाला दोन-तीन महिने लागतात. तेवढे दिवस तो दगडाला हात लावू शकत नव्हता, तरी त्याच्या पोटात अन्न जात होते. विशी-तिशीतील स्त्रियांचे मृत्यू मात्र पुरुषांहून अधिक आहेत आणि त्यामागे बाळंतपण असावे, हा तर्क कोणीही करील.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. भरलेले हाड म्हणजे वाचलेला माणूस. जो दगडाखाली सापडून त्याच क्षणी गेला, त्याच्या हाडावर भरून आल्याची खूण असणारच नाही. जो जुलाबाने आठ दिवसांत गेला त्याचा सांगाडा तर निरोगीच दिसेल. म्हणून ज्या सांगाड्यावर अधिक खुणा, तो अधिक दुबळा असे समजू नये. कित्येकदा तोच अधिक चिवट असतो.

मस्जिदबंदर

डॉक्टरांचा आदर राखून लिहितो. मोडलेला हात बांधला आणि पोटाला घातले यावरून तो माणूस गुलाम नव्हता, हे कसे सिद्ध होते? शेतकरी बैलाचाही पाय बांधतो आणि त्याला पेंडही घालतो, कारण पेरणी तोंडावर असते. माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षे पाठीवर गोणी वाहिली. १९६९ चा माथाडी कायदा येण्यापूर्वी मुकादम आजारी हमालाला चहाला पैसे देत असे, अशी आठवण ते सांगत आणि लगेच पुढे म्हणत, की ते पैसे आठवड्याच्या हिशेबातून वळते होत. कामगारांना मटण मिळत होते आणि ते आनंदात होते, असा जो सूर हल्ली या विषयावरच्या लेखनात लागतो, तो मला गुलामांच्या कथेइतकाच सोयीचा वाटतो.

दप्तरदार (दादर)

मस्जिदबंदर, आपला आक्षेप मान्य आहे. हाडावरून स्वातंत्र्य मोजता येत नाही. बैलाला कोणी थडगे बांधत नाही, असे मी उत्तर देणार होतो, परंतु इजिप्तच्या बाबतीत तेही खरे नाही; सक्काराच्या सेरापियम या भुयारी दफनस्थानात एपिस नावाच्या पवित्र बैलांना जे थडगे मिळाले, ते पाहून गिझाच्या मुकादमालाही हेवा वाटला असता.

माझा मुद्दा हाडांवर उभा नाही. राजाच्या पिरॅमिडच्या सावलीत, स्वतःच्या नावाने, बायकामुलांसह कबर बांधण्याची मुभा ज्याला आहे, त्याला समाजात काहीएक जागा होती, इतकेच मी म्हणतो. तेसुद्धा ज्यांच्या कबरी आहेत त्यांच्यापुरते. जे तीन महिन्यांच्या वेठीला आले आणि परत गेले, ते आपापल्या गावी मेले आणि त्यांची गावे नाईलच्या गाळाखाली गेली. गिझाची दफनभूमी ही कायम कामावर असलेल्यांची आहे. बदली कामगार तिच्यात बहुधा नाहीत.

वाचनकट्टा (गिरगाव)

इथे कामगार हा शब्द एकाच अर्थाने चालला आहे, म्हणून लिहिते. पिरॅमिडनंतर हजार-बाराशे वर्षांनी राजे डोंगरात कोरलेल्या थडग्यांत पुरले जाऊ लागले, तेव्हा ती थडगी कोरणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांसाठी थीब्जच्या पश्चिम तीरावर एक स्वतंत्र गाव होते. त्याला आज देर अल-मदिना म्हणतात. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांनी १९२२ पासून तिथे अनेक वर्षे खोदकाम केले. या लोकांना पगार धान्यात मिळे. साध्या कारागिराला महिन्याला गव्हाच्या ४ आणि जवाच्या दीड पोत्यांचे माप, आणि तेथील पोते सुमारे ७६ लिटरचे. मासळी, भाजी आणि सरपण सरकारातून येई. गावात विहीर नसल्याने पाणीसुद्धा वाहून आणावे लागे. आपल्याकडच्या बलुत्याशी हे ताडून पाहण्याचा मोह होतो, पण बलुतेदाराला गाव देते आणि इथे देणारा राजा होता. त्याचे धान्य थकले की काय होते ते राजा तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी दिसले, जेव्हा हे कारागीर काम टाकून देवळांच्या मागे जाऊन बसले. लालबागच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

मी काही वर्षांपूर्वी तुरीनच्या इजिप्शियन म्युझियममध्ये खा आणि मेरित या जोडप्याच्या थडग्यातील वस्तू पाहिल्या. हे थडगे १९०६ साली इटालियन पुरातत्त्वज्ञ स्कियापारेल्ली यांना जसेच्या तसे बंद सापडले. खा हा बांधकामांवर देखरेख करणारा मोठा माणूस. राजाने बक्षीस दिलेली सोन्याने मढवलेली मोजपट्टी त्याच्याजवळ होती. पण मी खिळून राहिले ती दुमडता येणाऱ्या लाकडी मोजपट्टीसमोर, कारण तीच त्याची रोजची असणार. पाव, लसूण, सेनेत या खेळाचा पट, मेरितचा केसांचा टोप आणि कपड्यांचे गठ्ठे. त्या कपड्यांवर खाची खूण घातलेली आहे. महालक्ष्मीच्या धोबीघाटावरून आलेल्या चादरीच्या कोपऱ्यात जशी खूण असते, तशी. मेरित खाच्या आधी गेली आणि घाईत तिला नवऱ्यासाठी केलेल्या शवपेटीत ठेवले गेले. पेटी तिला मोठी होती, म्हणून उरलेली जागा कापडाने भरून काढली. त्या घरावर अचानक काय कोसळले, हे कोणत्याही शिलालेखाशिवाय तिथे समजते.

हा झाला श्रीमंत मुकादम. त्याच गावाच्या पूर्वेकडील दफनभूमीत साध्या लोकांच्या कबरी आहेत. टेकडीच्या पायथ्याशी तान्ही मुले टोपल्यांत, पेट्यांत, मातीच्या रांजणांत पुरलेली आहेत आणि जसजसे वर जावे तसतशी माणसे वयाने वाढत जातात. ज्या टोपलीत काल घरातले सामान होते, तीच आज लेकराला दिली गेली. आणखी एक गोष्ट सांगते. राजांनी पिरॅमिड बांधणे सोडून दिल्यावर याच गावातील कारागिरांनी आपल्या थडग्यांवर मातीच्या विटांचे छोटे पिरॅमिड बांधले. सेन्नेजेम या कारागिराचे थडगे १८८६ साली सापडले, त्याच्या भिंतीवर तो आणि त्याची पत्नी परलोकातील शेत नांगरताना दाखवले आहेत, दोघेही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. ज्याने आयुष्यभर खडकाच्या धुळीत काम केले, त्याने स्वर्गात शेतीची कल्पना केली आणि तीसुद्धा इस्त्री न मोडणारी.

याच गावातील सांगाड्यांवर अॅन ऑस्टिन या संशोधिकेने काम केले आहे. पुरुषांच्या गुडघ्यांची आणि घोट्यांची झीज त्यांना जास्त आढळली आणि त्यांनी त्याचा संबंध राजांच्या खोऱ्यापर्यंतच्या, म्हणजे राजांची थडगी जिथे कोरली जात तिथपर्यंतच्या, चढउताराशी लावला. सकाळची विरार लोकल पकडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

अस्थिवैद्य (परळ)

वाचनकट्टा यांनी चांगल्या बाजूचे दाखवले, तेव्हा दुसरी बाजू मला मांडावी लागेल. अखेनातेन या राजाने अमार्ना येथे इ.स.पू. १३५० च्या सुमारास नवी राजधानी उभारली आणि ती जेमतेम पंधरा-वीस वर्षे टिकली. काळ इतका थोडा असल्यामुळे तेथील सांगाडे एका पिढीचे मानता येतात. तिथल्या सरदारांच्या थडग्यांच्या भिंतींवर देवापुढे अन्नाच्या राशी रचलेल्या रंगवल्या आहेत. सामान्य लोकांना मात्र कापडात गुंडाळून, काटक्यांच्या चटईत वळकटी करून वाळूत पुरलेले आहे. हाडे खुंटलेल्या वाढीची आहेत, डोळ्यांच्या खोबणीच्या छताला रक्तक्षयाची सच्छिद्र खूण आहे आणि कमी वयाच्या लोकांचेही मणके जड ओझ्याने दबलेले आहेत.

उत्तरेकडील थडग्यांजवळच्या दफनभूमीत २०१५ साली जे उत्खनन झाले, तिथे पुरलेले बहुतेक सगळे ७ ते २५ वर्षांचे निघाले आणि त्यातही पंधराच्या आतील अधिक. कबरींत जवळजवळ काहीच ठेवलेले नाही. काही खड्ड्यांत दोन-तीन जण एकत्र आहेत. साधारण गावात सर्वांत जास्त मृत्यू तान्ह्या मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे असतात; दहा-बारा वर्षांच्या मुलाचे मरण हे त्या मानाने कमीच. म्हणून ही गावाची दफनभूमी नव्हे, कामाला लावलेल्या मुलांची आहे, असा निष्कर्ष उत्खनन करणाऱ्यांनी काढला. त्यांना पुरायला आईबाप जवळ होते असे दिसत नाही. मस्जिदबंदर यांनी बैलाचे जे उदाहरण दिले, ते गिझाला लागू पडते की नाही यावर वाद घालता येईल. इथे मी तो घालणार नाही.

चाळकरी (लालबाग)

सर्वांचे मनापासून आभार. पुतणीला टोपल्यांतील मुलांचे सांगावे की नाही, हे ठरत नव्हते; शेवटी सांगितले. तिने अमार्नाच्या मुलांची वये पुन्हा विचारली आणि आपले वय त्यात बसते, हे स्वतःच काढले.

डॉक्टरसाहेबांना एक विचारतो. वडील शेवटची दहा वर्षे कापसाच्या धुळीने खोकत होते, सोमवारी जास्त, कारण रविवारी सुटी असे. हे हाडांत दिसले असते का?

अस्थिवैद्य (परळ)

नाही. ती व्याधी फुप्फुसाची आहे आणि फुप्फुस मातीत राहत नाही. तुमच्या वडिलांचा सांगाडा उद्या कोणाला सापडला असता, तर त्याने निरोगी श्वसनाचा मनुष्य, अशी नोंद केली असती. खडक कोरणाऱ्या देर अल-मदिनाच्या लोकांचे काय झाले असेल, याचा मी विचार करत असतो.

वाचनकट्टा (गिरगाव)

त्यांच्या बाबतीत एक कागद, खरे म्हणजे एक खापर, आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये राजा दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षीची हजेरी चुनखडीच्या तुकड्यावर लिहिलेली आहे. त्यात कोण कोणत्या दिवशी का आला नाही ते प्रत्येक नावासमोर आहे: आजारी, डोळे आले, विंचू चावला, बिअर गाळत होता, आईच्या शवाला पट्ट्या बांधत होता. ही शेवटची कारणे आता त्यांच्या थडग्यांशेजारी ठेवून वाचता येतात. हाड जे सांगत नाही, ते हजेरीवाल्याने लिहून ठेवले.

चाळकरी (लालबाग)

वडिलांचे हजेरीचे कार्ड पत्र्याच्या पेटीत आहे. काल काढून पाहिले. १९८१ च्या पावसाळ्यात लागोपाठ तीन सोमवार खाडे आहेत आणि कारणाचा रकाना कोरा आहे. पुतणीने विचारले, की हा कोणी भरायचा होता. मुकादमाने, असे मी म्हणालो.